डावा हात भात्यावर

जॅझ पियानोच्या वाटेला गेलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात एक तक्ता भेटतो. डावीकडे कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे तीन-चार सूर, उजवीकडे त्या कॉर्डवर चालणारं स्केल, म्हणजे ओळीनं वाजवायचे सूर. मायनर सेव्हन दिसली की डोरियन. नुसती सेव्हन दिसली की मिक्सोलिडियन. मेजर सेव्हनला आयोनियन, जरा हौस असेल तर लिडियन. हाफ डिमिनिश्डला लोक्रियन. तक्ता पाठ करा, बोटांत घाला आणि मग पाहिजे ते वाजवा, असा एकूण भरवसा त्यात दिलेला असतो.

पेटीवर वाढलेल्या माणसाला ही ग्रीक नावं फार वेळ घाबरवू शकत नाहीत. काळ्या पट्ट्यांना हात न लावता पांढरी एकपासून वरच्या पांढरी एकपर्यंत गेलं की बिलावल. तेच पांढरी दोनपासून सुरू केलं आणि तिलाच सा मानलं की काफी. तीनपासून भैरवी, चारपासून कल्याण, पाचपासून खमाज, सहापासून आसावरी. म्हणजे डोरियन हा आपला काफी, मिक्सोलिडियन हा खमाज, लिडियन हा कल्याण. उरतो तो पांढरी सातचा लोक्रियन. त्याला पंचमच नाही, पंचमाच्या जागी तीव्र मध्यम येऊन बसतो आणि शुद्ध मध्यमही शेजारी असतोच. आपल्याकडे त्याला कुणी थाटाचा, म्हणजे राग ज्या सुरांच्या चौकटीत बसवतात तिचा, मान दिलेला नाही. उलट भैरव, पूर्वी, मारवा, तोडी या आपल्या चार थोर मंडळींना त्या ग्रीक यादीत जागा नाही, कारण नुसत्या पांढऱ्या पट्ट्या कुठूनही सुरू केल्या तरी ते सापडत नाहीत.

हे जुळलं की जो आनंद होतो तो मला माहीत आहे. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड आहे, शेजारी वडिलांच्या वेळची पेटी आहे, आणि या दोघांमध्ये वर्षानुवर्षं न झालेली ओळख एका संध्याकाळी झाली असं मला वाटलं. पण या आनंदाचं वय कमी असतं. काफी थाटाचे सूर माहीत आहेत म्हणून कुणाला बागेश्री गाता येत नाही, भीमपलासीही येत नाही. दोघं एकाच थाटातले, आणि पहिल्या तीन सुरांत कळतं कोण कोण आहे ते. मायनर सेव्हनवर डोरियन वाजवणाऱ्याचंही तसंच. सगळे सूर बरोबर असतात आणि समोरचा माणूस हळूच मोबाईल काढतो.

मग तक्ता खोटा का? खोटा नाही. उशिरा आलेला आहे. पंडित भातखंडे यांनी (1860–1936) दहा थाटांची मांडणी केली तेव्हा राग शेकडो वर्षं गायले जात होते. हातात असलेला एवढा पसारा कप्प्यांत कसा लावायचा, हा त्यांचा प्रश्न होता, आणि वकिली शिस्तीच्या त्या माणसानं तो सोडवला. कुणी खाँसाहेब सकाळी उठून ‘आज काफी थाट गाऊ’ असं म्हणत नव्हते. जॅझमध्येही तोच क्रम दिसतो. जॅझ संगीतकार जॉर्ज रसेल यांनी लिडियन स्केलभोवती आपली मांडणी प्रसिद्ध केली 1953 साली. जेमी एबरसोल्ड यांच्या सरावाच्या रेकॉर्डी निघाल्या 1967 पासून, आणि कॉर्डसमोर स्केल लिहिलेला तक्ता घराघरांत पोचला. तोवर ट्रम्पेटवाले लुई आर्मस्ट्राँग यांचं उमेदीतलं सगळं वाजवून झालं होतं, आणि सॅक्सोफोनवाले चार्ली पार्कर 1955 मध्येच गेले होते. हे लोक मूळ चाल, कॉर्डचे सूर आणि कानावर पडलेलं यांतून वाजवत होते. तक्ता त्यांच्या वाजवण्यातून निघाला. ते तक्त्यातून निघाले नाहीत.

कोल्हापूरच्या कानाला हे कळायला जड जाऊ नये. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना (1855–1946) दरबारी आश्रय दिला, खाँसाहेब इथे राहिले, आणि जयपूर-अत्रौली गायकीचं बस्तान या गावात बसलं. देवल क्लब या इथल्या संगीतसंस्थेच्या आसपास वावरलेला कुणीही बुजुर्ग अजून या घराण्याबद्दल बोलताना आवाज थोडा खाली आणतो. या घराण्याचं वैशिष्ट्य म्हणजे अनवट, म्हणजे क्वचित ऐकू येणारे, आणि जोड, म्हणजे दोन राग मिळून झालेले राग. बसंती केदार घ्या. बसंत चालू असता असता केदार येतो, आणि तो आला हे सांगायला गायकाकडे वेळ नसतो, दोन-तीन सुरांत ते कळावं लागतं. वळण चुकलं तर ना बसंत ना केदार, नुसते सूर. मला जॅझच्या बदलत्या कॉर्डशी आपल्या संगीतातली सगळ्यात जवळची गोष्ट हीच वाटते. थाटांचं कोष्टक नव्हे, हे वळण. खाली कॉर्ड बदलली हे वरच्या दोन सुरांनी सांगायचं.

आता प्रत्यक्ष पट्टीवर येऊ. जॅझमध्ये तीन कॉर्डची एक मालिका इतक्या वेळा येते की शिकणारा झोपेतही वाजवतो. पांढरी एकच्या, म्हणजे सी च्या, हिशेबात ती अशी: डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. तक्ता सांगतो, पहिलीवर डोरियन, दुसरीवर मिक्सोलिडियन, तिसरीवर आयोनियन. म्हणजे काफी, खमाज, बिलावल. ऐकायला भरगच्च. पण पट्ट्या पाहिल्या तर तिन्ही वेळा त्याच सात पांढऱ्या! तीन स्केलं शिकलो म्हणून छाती फुगवावी, तर हातात एकच.

फरक कुठे पडतो तो बघायचा तर एकच सूर घ्यावा. पांढरी चार, म्हणजे सी ला सा मानलं तर शुद्ध मध्यम. डी मायनर सेव्हनवर, तिच्या डी ला सा मानलं तर, हा मध्यम त्या कॉर्डचा कोमल गांधार असतो, तिथे पाय पसरून बसला तरी कुणी उठवत नाही. जी सेव्हन आली की तोच त्या कॉर्डचा कोमल निषाद होतो. आता तो बसलेला नसतो, निघण्याच्या बेतात असतो, कानाला कळत असतं की हा आता खाली गांधारावर जाणार. आणि सी मेजर सेव्हनवर तोच मध्यम लांबवून धरला की डाव्या हातातल्या गांधाराशी त्याचं असं काही बिनसतं की ऐकणाऱ्याचे दात आंबतात. जॅझवाले याला टाळायचा सूर म्हणतात. आपला वर्ज्य स्वर आठवतो, पण इथे तो साफ वर्ज्य नाही. त्यावरून जायला हरकत नाही, त्याच्यावर थांबायचं नाही. न्यास करायचा नाही, एवढंच.

तक्त्यात हे कुठेच लिहिलेलं नसतं. त्यात मध्यमाला तिन्ही ठिकाणी सारखीच जागा.

हे मला कीबोर्डवर कळलं नाही. जुलैचा पाऊस होता. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी एकोणचाळीस फुटांची इशारा पातळी ओलांडून वर चालली होती, सगळं गाव मोबाईलवर फूट आणि इंच बघत बसलेलं, आणि लाईट गेलेली. मामा आमच्याकडे मुक्कामाला होते. शिवाजी पेठेतल्या भजनी मंडळात त्यांनी उभी हयात तबला वाजवला. आता गुडघे बसू देत नाहीत तेवढंच, हात अजून उत्तम. कीबोर्ड मुका झाला होता, म्हणून मी हताशपणे झाकण लावत होतो.

“काय झालं रं? पेटी हाय की.”

“मामा, पेटीवर कॉर्ड कुठली वाजवणार? डावा हात भात्याला.”

“मग काय झालं? माणसं गात्यात तवा डावा हात कुठं असतोय?”

म्हणून पेटी काढली. दमट हवेनं दोन पट्ट्या फुगून अडकत होत्या, त्यातली एक नेमकी पांढरी तीन. डावा हात भात्यावर गेला आणि एकदम खालचं घरच नाहीसं झालं. कीबोर्डवर डाव्या हातानं जी सेव्हन धरली की उजवा हात काहीही बडबडला तरी जी सेव्हन ऐकू येत असे. इथे उजव्या हातानं सांगितलं तरच कळणार होतं. मी डोरियन, मिक्सोलिडियन, आयोनियन रीतसर वर-खाली वाजवून दाखवलं. मामांना अर्थातच तो नुसता बिलावल ऐकू आला, आणि त्यांनी तसं सांगितलंही.

मग सुचेल ते करून पाहता पाहता ही ओळ हाताला लागली. चार मात्रांचा एक बार धरा, सा पांढरी एक: रे म ध सां । नी ध प म । ग. पहिल्या बारमध्ये डी मायनर सेव्हनचे चारही सूर ओळीनं वर जातात. शेवटचा तार सा हा तिचा कोमल निषाद. बार बदलताना तो अर्धा सूर खाली, निषादावर उतरतो, आणि तोच जी सेव्हनचा गांधार. तिथून चार सूर सरळ खाली, मध्यमापर्यंत. तो मध्यम पुन्हा बार बदलताना अर्धा सूर उतरून गांधारावर येतो. घर आलं. दोन्ही उंबरठ्यांवर अर्ध्या सुराचं पाऊल आहे, आणि ते बरोबर मात्रेवर पडतं. डावा हात भात्यावर असून खाली कॉर्ड बदलताना ऐकू येत होत्या. अगदी येत होत्या, कल्पना नव्हे. मामांना कॉर्ड म्हणजे काय ते माहीत नाही, पण ते म्हणाले, “आता कुठंतरी गेल्यागत वाटलं बग.”

ज्यांना जॅझ शिकायचंय आणि घरात पेटी आहे, त्यांनी कीबोर्डचा प्लग काढून ही परीक्षा द्यावी. एकट्या उजव्या हातानं वाजवा आणि कॉर्ड ऐकू येते का बघा. येत नसेल तर स्केल बदलून उपयोग नाही. कोणता सूर मात्रेवर पडतोय ते बदलावं लागेल.

मात्रेवर कोणता सूर पडतो याचा जॅझवाल्यांनी किती विचार केलाय याचा एक मजेदार पुरावा आहे. जी सेव्हनचं स्केल सात सुरांचं. ते दुगुनीत, म्हणजे मात्रेला दोन सूर असं, वरून खाली आणलं की एका बारमध्ये आठ सूर मावतात. सात सूर आठ जागांत, त्यामुळे मात्रेवर पडणारे सूर मध्येच घसरतात आणि कॉर्डचे सूर आडव्या जागी जाऊन पडतात. यावर उपाय म्हणून त्यांनी आठवा सूर घातला. दोन्ही निषाद घ्यायचे, शुद्ध आणि कोमल, एकामागून एक. आता खाली येताना सा, कोमल नी, प आणि ग हे कॉर्डचे चारही सूर बरोबर चार मात्रांवर पडतात, आणि बाकीचे मधल्या जागांत. याला बीबॉप स्केल म्हणतात. खमाजातही दोन्ही निषाद असतात, पण आपण ते असे पाठोपाठ घेत नाही. शुद्ध चढताना, कोमल उतरताना. एकाच स्वराची दोन रूपं शेजारी शेजारी लावणं आपल्या कानाला सहसा रुचत नाही. ललतासारख्या रागात दोन मध्यम लागून येतात तो अपवाद, आणि म्हणून तर ललत ऐकताना दचकायला होतं. बॅरी हॅरिस (1929–2021) या डेट्रॉइटच्या पियानोवादकानं म्हातारपणापर्यंत विद्यार्थ्यांना जवळपास हेच घोकवलं. कॉर्डवर कोणतं स्केल याची भलीमोठी यादी नको. पाचवी कॉर्ड, म्हणजे सी च्या हिशेबात जी सेव्हन, धरा, तिचं स्केल खाली आणा, कुठे अर्धा सूर घालायचा ते शिका. इंटरनेटवर त्यांच्या शिकवण्यांचे कितीतरी व्हिडिओ आहेत. वर्ग भरलेला, सगळे एकदम गाताहेत, आणि हे खवळलेले. बघताना एखाद्या जुन्या गवयाच्या तालमीत बसल्यासारखं वाटतं.

एकीकडे हे पटत असताना दुसरीकडे पेटीनं एक वेगळंच दार उघडलं. मूर्च्छना. शाळेत संगीताच्या परीक्षेला आपण मूर्च्छनेची व्याख्या लिहितो आणि विसरतो. पण भूप घ्या: सा रे ग प ध. हेच पाच सूर गांधाराला सा मानून वाजवले की मालकंस निघतो. पंचमाला सा मानलं की दुर्गा, धैवताला मानलं की धानी. पट्ट्या त्याच, बैठक वेगळी. जॅझवाले हीच युक्ती उलट्या बाजूनं वापरतात. सा खाली बासकडे पक्का राहतो आणि वर भलत्याच स्वराचा भूप वाजतो.

सी मेजर सेव्हन डाव्या हातात धरा. उजव्या हातानं पांढरी पाचचा भूप वाजवा. सी च्या हिशेबात ते सूर होतात प ध नी रे ग. भांडखोर मध्यम आपोआप गळतो. गंमत म्हणजे साही गळतो. कॉर्डचा षड्ज उजव्या हातात एकदाही येत नाही, तो डावीकडे आहेच, आणि वरचं सगळं मोकळं मोकळं वाटायला लागतं. आता त्याच कॉर्डवर पांढरी दोनचा भूप वाजवा. त्यात काळी तीन येते, म्हणजे सी चा तीव्र मध्यम. सूर होतात रे ग तीव्र म ध नी. जॅझच्या पुस्तकी भाषेत हा लिडियनचा रंग, आधुनिक, जरा थंड हवेतला, असं काय काय त्याचं वर्णन करतात.

मी हे सूर वाजवत बसलो होतो आणि हात आपोआप खालच्या निषादापासून सुरू झाला. नी रे ग, तीव्र म, ध, नी. हा तर यमन! सा आणि पंचम सोडून निषादावरून उठणारा यमनचा आरोह, जो आपल्याकडे पहिल्या वर्षाला शिकवतात, त्याचे पाच सूर आणि पांढरी दोनच्या भूपाचे पाच सूर एकच आहेत. जी गोष्ट ‘प्रगत’ म्हणून शेवटच्या प्रकरणात ठेवलेली असते ती आमच्या गल्लीतल्या गायनाच्या क्लासातल्या पोरी रोज संध्याकाळी म्हणतात. फक्त त्यांच्या खाली तंबोरा असतो आणि इथे मेजर सेव्हन.

पटदीपाचं प्रकरण याहून अवघड आणि याहून उपयोगी. मेलोडिक मायनर नावाचं जे स्केल आहे, चढतानाचं, त्यात फक्त गांधार कोमल आणि बाकी सगळं शुद्ध. म्हणजे स्वरांपुरता आपला पटदीप. नाट्यसंगीत ऐकलेल्या माणसाच्या कानात तो बसलेलाच असतो. जॅझवाले हे एकच स्केल कुठे कुठे लावतात ते पाहिलं की चक्रावायला होतं. पांढरी दोनचा पटदीप घ्या. डी मायनर सिक्स्थवर तो सरळ चालतो. तोच जी सेव्हनवर ठेवला की तिला तीव्र मध्यम मिळतो. तोच बी हाफ डिमिनिश्डवर लोक्रियनपेक्षा जास्त सुखावतो. आणि तोच सी शार्प सेव्हनवर वाजवला की ज्याला ऑल्टर्ड म्हणतात तो सगळा मसाला एकदम येतो: कोमल रे, दोन्ही गांधार, तीव्र म, कोमल ध, कोमल नी. पंचम गायब, शुद्ध रिषभ गायब. चार कॉर्ड, एक पटदीप. हिशेब उलटा करायचा तर जी सेव्हन जेव्हा सी वर उतरायला निघालेली असते, तेव्हा अर्धा सूर वरचा, म्हणजे काळी चारचा पटदीप धरायचा. सगळे ताण एकाच वेळी उभे राहतात आणि उतरताना बहुतेक अर्ध्या सुरानं उतरतात.

मामांना मी हे कौतुकानं ऐकवलं. लाईट आली होती, कीबोर्ड चालू होता. त्यांनी मान हलवली, पण नकारार्थी.

“पटदीप न्हाई ह्यो.”

“सूर तेच आहेत, मामा.”

“सूर आसंनात. पटदीपाला चढताना रे न्हाई, ध न्हाई. निषादावर रेंगाळाय लागतंय. तू नुसती शिडी चढून उतरलास.”

बरोबर आहे. आणि हाच आक्षेप एखाद्या जॅझच्या उस्तादानंही घेतला असता, शब्द वेगळे असते एवढंच. म्हणून मी आता पटदीप हे नाव फक्त बोटांना पत्ता सांगण्यापुरतं वापरतो. पत्ता म्हणून ते फार सोयीचं आहे. ‘काळी चारचा मेलोडिक मायनर’ म्हटलं तर मला सूर मोजावे लागतात. पटदीप म्हटलं की हात तिथे जातो.

मामांनी खरी मदत केली ती ब्लूजमध्ये, तीही नकळत. बारा बारचा ब्लूज म्हणजे प्रत्येकी चार मात्रांचे बारा बार. मी सांगितलं, “अठ्ठेचाळीस मात्रा.” ते क्षणभर थांबले.

“तीनतालाची तीन आवर्तनं की मग. एवढंच व्हय?”

एवढंच होतं, आणि मला ते कधी सुचलं नव्हतं. मी बार मोजत होतो, एक ते बारा, आणि सातव्या-आठव्यात हरवत होतो. ते मांडीवर ठेका धरून बसले आणि मी तीन आवर्तनांत वाजवायला लागलो. मग एक विलक्षण गोष्ट दिसली. सी चा ब्लूज असेल तर पहिल्या आवर्तनाच्या समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, सी सेव्हन असते. दुसऱ्या आवर्तनाच्या समेला, म्हणजे पाचव्या बारला, एफ सेव्हन. तिसऱ्या आवर्तनाच्या समेला, नवव्या बारला, जी सेव्हन. सगळे मोठे बदल समेवरच येतात. मग प्रत्येक समेला त्या कॉर्डची ओळख पटवणारा एक सूर ठरवून टाकला: पहिल्या समेला शुद्ध गांधार, दुसऱ्या समेला कोमल गांधार, कारण तो एफ सेव्हनचा कोमल निषाद आहे, आणि तिसऱ्या समेला शुद्ध निषाद, जी सेव्हनचा गांधार. मधल्या पंधरा मात्रांत वाटेल तसं भटकायचं, पण सम त्या सुरावर. तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा, घेऊनही यायला हरकत नाही. मामांना तर तिहाईच हवी होती.

असं वाजवलं आणि वर्षभर तक्त्यातून जे निघत नव्हतं ते निघायला लागलं. स्केल कोणतं, हा प्रश्न उरतो, पण दुय्यम होतो. समेचा सूर ठरला की तिथे कुठल्या वाटेनं पोचायचं याच्या चार वाटा असतात, खमाजाची, पटदीपाची, भूपाची, आणि कधी नुसते बाराच्या बारा सूर घसरत आणायचे. वाट चुकली तरी समेवर आलेला माणूस पोचलेलाच धरतात. तबलजीला विचारा.

ब्लूजमधल्या दोन गांधारांबद्दल एक सांगायचं राहिलं. जोग रागात चढताना शुद्ध गांधार आणि उतरताना कोमल गांधार घेऊन सा वर येतात. ब्लूजचा तोंडवळा पुष्कळसा तसाच. पण ब्लूज गाणाऱ्यांचा खरा गांधार या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि पियानोला ती जागाच नाही. मग पियानोवाले कोमल गांधारावरून बोट घसरवून शुद्धावर आपटतात, किंवा दोन्ही पट्ट्या एकदम दाबतात. पियानोवादक थेलोनियस मंक यांनी शेजारशेजारच्या पट्ट्या एकत्र वाजवण्याचा असा काही थाट केला की ती त्यांची सही झाली. पेटीवाल्याचं हेच दुःख. 1940 साली रेडिओनं पेटीला बंदी घातली ती याच कारणावरून, की हिला मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधल्या बारीक जागा, नाहीत. बंदी उठायला तीन दशकं गेली. ज्या कोल्हापुरात गोविंदराव टेंबे यांच्यासारखा पेटीवादक वाढला तिथल्या माणसांना ही बंदी किती झोंबली असेल! पियानोवर कुणी अशी बंदी घातली नाही. त्याच्या उणिवेलाच त्या लोकांनी शैली म्हटलं. मला यात आपला थोडा करंटेपणा दिसतो. मामांना दिसत नाही. त्यांच्या मते पेटीनं गळ्याच्या मागे राहावं हेच बरं.

सध्या आमचं भांडण पाचवर चाललं आहे. डेव्ह ब्रूबेक यांच्या चौकडीनं 1959 साली ध्वनिमुद्रित केलेली, पॉल डेझमंड यांची पाच मात्रांची ती प्रसिद्ध रचना, ‘टेक फाइव्ह’, मी वाजवायला घेतली. स्केलच्या दृष्टीनं तिथे डोकेफोड नाही. मधला भाग सोडला तर डाव्या हाताला दोनच कॉर्ड आहेत, काळी दोनची मायनर आणि काळी पाचची मायनर, त्याच आलटून पालटून. अडचण मात्रांची. तिचे पाच पडतात तीन-दोन असे. मामांचा झपताल दोन-तीन. “उलटा हाय,” म्हणाले, मग बोटांवर काहीतरी मोजलं, आणि तिसऱ्या मात्रेवरून झपताल सुरू केला: धी धी ना, ती ना, धी धी ना, धी ना. चपखल बसला. माझी डाव्या हाताची कॉर्ड त्यांच्या पहिल्या ‘धी’ला आली.

फक्त आता त्यांची सम माझ्या नवव्या मात्रेवर पडते. ती त्यांना सोडवत नाही. तिथे ते मान देतात, तोंडानं ‘हां’ म्हणतात, आणि माझा हात नेमका त्या जागी डगमगतो. सम कुणाची धरायची ते अजून ठरलेलं नाही. परवा त्यांनी तोड सुचवली आहे की मी उजव्या हातानं त्यांच्या समेवर यावं आणि डाव्यानं माझ्या. कोमल गांधारावर, असंही सांगितलंय.